पाखाडी: चालण्याच्या गटाच्या नोंदी, चिपळूण, मे ते ऑक्टोबर २०२३

८ मे, सोमवार

नऊ जणांची संमतिपत्रं हातात आली. सगळे आमच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडचे. निदान आणि गोळ्या त्या बघणार, मी फिजिओथेरपिस्ट, माझ्याकडे फक्त चालणं. एरवी उलटही चालतं. मान धरली, पाठ दुखते, छाती आवळल्यासारखी वाटते म्हणून माझ्याकडे आलेल्या काहींना मीच त्यांच्याकडे धाडते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर ही ये-जा फार वाढली.

नऊपैकी पाच जणांना पुरानंतरचा आघातविकार (पीटीएसडी) आहे. तिघांना पॅनिक किंवा कायमची चिंता, त्यांचा पुराशी थेट संबंध नाही. एकीचं कारण वेगळं आहे, ते या वहीत येणार नाही.

वहीत खरी नावं नकोत म्हणून प्रत्येकाने एकेक झाड घेतलं. कोकम, फणस, सुरंगी, काजू, बकुळ, आईन, किंजळ, वड. नवव्याने रातांबा मागितलं, तेव्हा कोकमकाकी म्हणाल्या, "रातांबा नि कोकम एकच झाड, माझं तुला कसं देऊ?" शेवटी तो जांभूळ झाला. पहिल्या दिवशी सगळे हसले ते एवढ्यावरच.

प्रत्येकाचा बीपी, ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी. धडधड म्हणजे चिंताच, असं ठरवून मोकळं व्हायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम. तो बरोबरच निघाला. किंजळचं हिमोग्लोबिन ८ च्या आसपास. जिना चढताना लागणारी तिची धाप मनातली नव्हतीच. लोहाच्या गोळ्या सुरू, महिनाभर तिने नुसतं येऊन बसायचं.

१२ मे, शुक्रवार

ज्या ट्रस्टकडून बुटांसाठी आणि बीपीच्या यंत्रासाठी पैसे मिळणार, त्यांच्या फॉर्मात एक रकाना: "महाराष्ट्रातील प्रमाण". राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलं, १२ राज्यांत. त्यात महाराष्ट्र नाही. रकान्यात तेच लिहिलं. फॉर्म परत आला नाही म्हणजे चाललं असावं.

आता प्रश्नावली. व्यायामाचे फायदे आणि अडथळे मोजणारी एक जुनी, जगभर वापरलेली मोजपट्टी आहे. सेक्रिस्ट, वॉकर आणि पेंडर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली, ४३ विधानांची. २९ फायद्यांची, १४ अडथळ्यांची. काल रात्री त्यातली अडथळ्यांची विधानं मराठीत उतरवत बसले. वेळ जातो. दमायला होतं. जागा लांब आहे. पैसे लागतात. लाज वाटते. नवरा किंवा बायको प्रोत्साहन देत नाही. व्यायामाच्या कपड्यांत माणसं विचित्र दिसतात. असं करत चौदाही झाली आणि मी पुन्हा वरून मोजायला लागले, एखादं सुटलं की काय म्हणून.

सुटलं नव्हतं. त्या चौदांत भीतीचं एकही विधान नाही. 'छाती धडधडली की मरतोय असं वाटतं' हे टिक करायला चौकोनच नाही.

मोजपट्टी वाईट नाही. ती सर्वसाधारण माणसांसाठी केलेली आहे. पण माझ्या नऊ जणांनी ती भरली, तर त्यांची भीती 'दमायला होतं'च्या चौकोनात जाऊन बसणार आणि मी ती आळस म्हणून वाचणार. खाली हाताने पाच ओळी मोकळ्या सोडल्या: "आणखी काही?"

१५ मे, सोमवार

भरलेले कागद आले. 'व्यायाम' या शब्दाशीच पहिली अडचण. काजू रिक्षा चालवतो. त्याच्या लेखी व्यायाम म्हणजे जोर-बैठका. कोकमकाकी म्हणाल्या, "दोन कळशा पानी वर नेते, तो काय मग?" पुढच्या खेपेला शब्द बदलायचा. नुसतं 'चालणं'.

नऊपैकी सात जणांनी 'आळस' हा शब्द स्वतःच्या हाताने, मोकळ्या ओळींत लिहिला. कोणी विचारलेला नसताना. एकाने "माझाच आळस" असं लिहून खाली रेघ मारली आहे. सुरंगीने मात्र लिहिलं: "चढ चढताना जे होतं, तेच अटॅकच्या वेळी होतं. मला फरक कळत नाही."

हे एक वाक्य आख्ख्या प्रश्नावलीपेक्षा कामाचं आहे. घाम, धाप, ठोके, हातापायाला मुंग्या, तोंडाला कोरड. चालण्याची खूण आणि घाबरण्याची खूण, दोन्ही एकाच दाराने आत येतात. ज्याचं शरीर एकदा खरोखरच्या संकटात सापडलंय, ते दार वाजलं की आत कोण आलंय हे बघायला थांबत नाही.

हे शास्त्रालाही उशिराच कळलं म्हणायचं. १९६७ मध्ये पिट्स आणि मॅक्लूर यांनी चिंताविकाराच्या रुग्णांना शिरेतून लॅक्टेट दिलं आणि पुष्कळांना पॅनिकचे झटके आले. दमवणाऱ्या व्यायामातही रक्तातलं लॅक्टेट वाढतं, मग अशा माणसांना व्यायाम नकोच, असा समज पुढे बरीच वर्षं रेंगाळला. व्यायामात शरीर ते लॅक्टेट स्वतः तयार करतं आणि स्वतःच वापरतं, बाटलीतून टोचल्यासारखं ते नसतं. तरी घराघरांतून "तुला झेपणार नाही, तू बस" अजून ऐकू येतंच.

१७ मे, बुधवार

पहिलं चालणं. पवन तलाव मैदान, सकाळी सहा. आले पाच.

न आलेल्या चौघांना फोन केले. तिघं झोपेत होते. चूक माझी. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सहाला उतरलेली नसते आणि ज्यांना गोळ्या नाहीत ते पहाटे कुठे डोळा लागलेला असतो तो मोडत नाहीत. वेळ बदलली: दुपारचा चहा झाला की, साडेचार. सोम, बुध, शुक्र.

फणसदादांचं बाजारपेठेत दुकान. दुसऱ्या फेरीला ते गट सोडून सरळ घराकडे चालू लागले, वळून बघितलं नाही. संध्याकाळी फोनवर म्हणाले, शर्ट घामाने पाठीला चिकटला. बस्स. पुरात ते दुकानाच्या माळ्यावर ओल्या कपड्यांनी रात्र धरून दुसऱ्या दुपारपर्यंत होते, होडी येईपर्यंत. त्यांना धाप चालते, ठोके चालतात. ओला कपडा चालत नाही.

नैराश्य-चिंतेच्या काही गोळ्यांनी घाम जास्त येतो, त्यात मे महिना, त्यात चिपळूण. पुढच्या खेपेपासून एक पंचा आणि सुका शर्ट पिशवीत ठेवायचा. वाटेत कुठेही बदलायचा, लाजायचं नाही.

१९ मे, शुक्रवार

आज माझ्या हातून वाईट चूक झाली. आईनचे खांदे कानापर्यंत चढलेले, तशीच चालत होती. मी सवयीने मागून जाऊन दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. ती जागच्या जागी दगड झाली. ओरडली नाही, रडली नाही, नुसती तिथे नव्हती. वीसेक मिनिटं आम्ही दोघी मैदानाच्या कठड्यावर बसलो. मी पायाखाली काय लागतंय, कुठले आवाज येताहेत, एवढंच विचारत राहिले.

पंधरा वर्षं मी न विचारता लोकांना हात लावते आहे. तो माझा धंदाच आहे.

यापुढे समोर जाऊन विचारल्याशिवाय स्पर्श नाही. आईनने अट घातली, मागे कोणी चालायचं नाही. ती सगळ्यात शेवटी चालेल. मंजूर.

२४ मे, बुधवार

शेवटी शवासन ठेवलं होतं. वड (निवृत्त मास्तर, ६८) म्हणाले, "मेल्यासारखं पडायचं? तेवढं नको. पुरात ते बघून झालंय." जांभूळ म्हणाला, डोळे मिटले की पाणी दिसतं. शवासन रद्द. डोळे उघडे, पाठ भिंतीला टेकलेली, बसून.

याचा अर्थ योग नको असा नाही. बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या २०१४ च्या अभ्यासात ६४ स्त्रियांपैकी काहींना दहा आठवडे योगाचे वर्ग दिले, उपचारांना दाद न देणारा जुना आघातविकार असलेल्या स्त्रिया होत्या त्या, आणि योगगटाला चांगला फरक पडला. पण तिथली सगळी आखणीच 'तुम्हाला हवं तर करा' या भाषेवर उभी होती. आपल्याकडच्या वर्गात गुरुजी सांगतात नि आपण करतो. माझंही तेच होतं.

२९ मे, सोमवार

बकुळ गेला आठवडाभर आली नाही. फोनवर आधी "पाहुणे आहेत". मग "पाय दुखतो". मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग: "मॅडम, तुम्ही 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणता ना, तेव्हा माझा श्वास अडकतो."

मी म्हणते खरी. मैदानात टाळ्या वाजवत म्हणते. मला वाटायचं, मी हुरूप देते आहे.

डॉक्टरांशी तासभर बोलणं झालं. त्या म्हणाल्या, या लोकांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती, तर जे चाललं होतं ते थांबवता आलं नाही. पाणी थांबवता आलं नाही. पॅनिकचा झटका थांबवता येत नाही. आणि आता तू थांबू देत नाहीस.

१ जूनपासून नियम: कोणीही "थांबा" म्हणायचं. म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, मीसुद्धा. का, असं विचारायचं नाही. वहीत तीनच रकाने: किती मिनिटं चाललो, किती वेळा थांबलो, कोण म्हणालं.

भिंतीवर मी जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता लावला होता, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम. तो काढला. त्याच २०२० च्या सूचनांत, अजिबात नाही त्यापेक्षा थोडी हालचालही बरी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे, पण तक्त्यावर मोठ्या अक्षरात येतो तो आकडाच. किंजळने तो वाचून विचारलं होतं, "म्हणजे वीस मिनिटांचा काही उपयोग नाही ना?"

२ जून, शुक्रवार

काजूने बारा मिनिटांत पाच वेळा "थांबा" म्हटलं. शेवटच्या दोनदा हसत. नियम खरा आहे का, ते बघत होता. आम्ही पाचही वेळा थांबलो.

बाकी कोणी म्हणालं नाही. कोकमकाकी दमलेल्या दिसत होत्या, तरी नाही. सगळ्या बायामाणसांना थांबवायचं म्हणजे त्यांना उद्धटपणा वाटतो.

७ जून, बुधवार

बुटांचे नऊ जोड आले. घातले चौघांनी, चारही पुरुष. कोकमकाकींचे बूट खोक्यातच. "नऊवारीवर बूट घालून वाडीतून जाऊ? मुंबईवालीन झाली म्हनतील." व्यायामाच्या कपड्यांत माणसं विचित्र दिसतात, हे विधान मला कागदावर वाचताना पोरकट वाटलं होतं.

९ जून, शुक्रवार

बूट भाजीच्या पिशवीत घालून आणायचे आणि इथे येऊन घालायचे. ही युक्ती बकुळने सुचवली. हो, बकुळ आली.

काजूच्या मुलाने त्याला हातात बांधायचं घड्याळ दिलंय. चढावरही ठोके नव्वदच्या वर जाईनात म्हणून तो खूश. तो प्रोप्रॅनोलॉल घेतो. ती गोळी ठोके वाढूच देत नाही, त्यामुळे घड्याळावरून श्रम मोजणं त्याच्या बाबतीत निरर्थक. सगळ्यांनाच घड्याळ काढायला सांगितलं. सुरंगी तर दर अर्ध्या मिनिटाला बघते आणि बघितलं की ठोके वाढतात. त्याऐवजी बोलण्याची कसोटी: शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, आरती म्हणता येता कामा नये. आरती जमली तर पाय उचला.

१२ जून, सोमवार

मान्सून काल रत्नागिरीपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मैदानावर सगळे आकाशाकडे बघत होते. इतर गावांत पहिल्या पावसाने माणसं सुखावतात. इथे पाच जणांनी घरी सामान वरच्या मजल्यावर नेलंय. फणसदादांनी दुकानातला खालचा कप्पा मे महिन्यातच रिकामा केला.

मैदान सखल आहे. पुरात पूर्ण पाण्याखाली होतं. तिथे पावसात चालायचं म्हटल्यावर वडमास्तर सरळ "येणार नाही" म्हणाले. उंचावरची जागा हवी.

माझ्या घरामागून सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळाच्या माळाकडे, जाणारी जांभ्या दगडाची पाखाडी, पायऱ्यांची वाट, आहे. मोजल्या, ९६ पायऱ्या. मध्ये दोन सपाट टप्पे, वर एक पार.

२३ जून, शुक्रवार

पाऊस रत्नागिरीला येऊन अडून बसलाय, पुढे सरकत नाही. आम्हाला बरंच झालं, पाखाडी कोरडी मिळाली.

पाखाडीचं काम वेगळं आहे. जी लक्षणं भीतीची वाटतात ती मुद्दाम, थोडी थोडी, सुरक्षित जागी अनुभवायची. पॅनिकच्या उपचारात डेव्हिड बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र रुजवलं. दवाखान्यात खुर्चीवर गोल फिरवतात, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावतात, जागच्या जागी पळवतात. आमच्याकडे पायऱ्या आहेत. डॉक्टर स्वतः पहिले चार दिवस आल्या.

चढण्याआधी कागदावर लिहायचं: वर गेल्यावर काय होईल? चढून आल्यावर खाली लिहायचं: काय झालं?

सुरंगीने लिहिलं: "चक्कर येऊन पडेन." ती २७ वर्षांची आहे, शाळेत शिकवते आणि गेल्या वर्षभरात हार्ट अटॅक आला असं वाटून तीनदा रात्री दवाखान्यात गेली आहे. तिन्ही ईसीजी व्यवस्थित. पहिल्या टप्प्यापर्यंत, ३२ पायऱ्या, तीही एकदा थांबून.

आणि वर पोचताच तिला खरंच चक्कर आली. कारण मी तिला लगेच टप्प्यावरच बसवलं. चढताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की ते खाली साचतं, डोकं हलकं होतं. हे पहिल्या वर्षाला शिकलेलं. कोणाही माणसाला त्याचं काही वाटत नाही, 'जरा गरगरलं' म्हणून सोडून देतो. सुरंगीला तो पुरावा वाटला. आता वर गेल्यावर दोन मिनिटं सावकाश येरझाऱ्या, मगच बसणं.

३० जून, शुक्रवार

सुरंगी, ९६ पायऱ्या, थांबे तीन. आधी: "श्वास परत येणार नाही." नंतर: "धाप लागली. चार मिनिटांत गेली. घशाला कोरड. कोणीतरी वर लिमलेटच्या गोळ्या आणल्या होत्या."

आता पाऊस जोरात. पायऱ्यांना शेवाळ धरलं. मी नि काजूने ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासल्या. नारळाच्या खराट्याने घासताना माझे ठोके किती झाले ते काजूने मुद्दाम मोजून दाखवले.

१० जुलै, सोमवार

आले चार. जांभूळने गट सोडला. म्हणाला, चालल्याने रात्री जास्त झोप लागते आणि त्याला पावसाळ्यात झोप नको आहे. गाढ झोप लागली तर पाणी आलेलं कळणार नाही. २०२१ ला पाणी पहाटेच्या अंधारात चढलं. २००५ च्या २६ जुलैलाही त्याच्या वडिलांनी रात्र जागवली होती.

व्यायामाचा फायदा म्हणून आम्ही ज्याची जाहिरात करतो, तेच त्याला धोक्याचं. याला मी काय उत्तर देणार होते? डॉक्टरांकडे जाणं त्याने सोडलेलं नाही, एवढं बघितलं.

गळतीबद्दल मला वाईट वाटत होतं, म्हणून डॉक्टरांनी जर्मनीतला एक जुना अभ्यास पुढे ठेवला. ब्रूक्स आणि सहकारी, १९९८. पॅनिकचे ४६ रुग्ण, दहा आठवडे, तीन गट: धावणं, क्लोमिप्रामीन या औषधाची गोळी आणि औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी. धावणाऱ्यांना दिखाऊ गोळीपेक्षा स्पष्ट फायदा झाला, क्लोमिप्रामीनचा त्याहून लवकर आणि जास्त. हे सगळे सांगतात. पण धावण्याच्या गटातून ३१ टक्के गळाले आणि क्लोमिप्रामीनच्या गटातून एकही नाही. त्या गळालेल्यांना धावताना काय वाटलं, ते मला वाचायला आवडलं असतं.

२१ जुलै, शुक्रवार

परवा रात्री इर्शाळवाडी गेली. खालापूर तालुका, डोंगराखालची आदिवासी वाडी, झोपेत दरड आली. काल दिवसभर घराघरांत टीव्ही चालू. आणि उद्या २२ जुलै. दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी आमच्याकडे पाणी आणि महाडजवळ तळियेवर दरड.

साडेचारला पाखाडीच्या तोंडाशी मी, फणसदादा आणि आईन. पाऊस लागून होता. फणसदादा चढाकडे बघत उभे राहिले. पाण्याच्या भीतीने आम्ही ही जागा निवडली, उंचावरची म्हणून. ते म्हणाले, "खाली पानी, वर डोंगर. जायचा कुठं, बाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमची पाखाडी दरडीच्या जागेवर नाही, जांभ्याच्या पक्क्या सड्यावर आहे, हे मला ठाऊक होतं. पण ते त्या क्षणी सांगणं म्हणजे पुन्हा "अजून थोडं" म्हणण्यासारखंच झालं असतं. थांबे एक, मिनिटं शून्य. "थांबा" कोण म्हणालं, त्या रकान्यात फणस लिहिलं. आमच्या पडवीत बसून तिघांनी चहा घेतला.

२४ जुलै, सोमवार

जागा: आमची पडवी. तीनच फूट रुंद, पण भिंतीला पाठ, समोर उघडं, दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येतं. आईनला हीच जागा सगळ्यात आवडली. एक पायरी चढायची, उतरायची, पुन्हा. पागोळ्यांचा आवाज मोठा झाला की बोलणंही मोठ्याने.

आले सहा. कोकमकाकींनी आज पहिल्यांदा "थांबा" म्हटलं. अकरा आठवड्यांनी. म्हणून स्वतःच दचकल्या.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

पाऊस गेला कुठे कळत नाही. श्रावणात एवढं ऊन मी पाहिलेलं नाही. भातवाले रडकुंडीला आलेत आणि आमचा गट भरभरून येतो. शेतकऱ्याचं नुकसान म्हणजे आमची हजेरी, हे वहीत लिहिताना बरं वाटत नाही.

पाखाडीवर परत जायचं का, मी विचारलं नाही. बकुळनेच विचारलं. एका पायरीचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. कंटाळा हा शब्द या गटात मी पहिल्यांदा ऐकला. भीती असते तिथे कंटाळ्याला जागाच नसते.

किंजळचं हिमोग्लोबिन चढलंय. तीही आता चढते, न थांबता ९६. वडमास्तरांचा गुडघा दुखतो म्हणून त्यांचे ३२ च. चिंता वगैरे काही नाही, साधा संधिवात. ते त्यावर फार खूश आहेत.

२५ सप्टेंबर, सोमवार

गणपतीत कोणी येणार नाही हे गृहीतच होतं. घरोघर चाकरमानी, पाहुणे, मोदक. दहा दिवस सुट्टी.

आज कोकमकाकी आल्या. सहज म्हणाल्या, गौरीसाठी तेरडा आणायला सड्यावर गेले होते, दोनदा. एकट्या. एकदा पाऊस लागला, भिजल्या. मी वही काढली, म्हटलं, किती मिनिटं? त्यांनी मला वेड्यात काढलं. "ती गौरीची कामा. तो काय व्यायाम नाय."

वहीत घातलं नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

फणसदादांनी गणपती विसर्जनाला नदीवर मुलाला पाठवलं. स्वतः रस्त्यावर थांबले. मागच्या दोन वर्षी घरातूनच नमस्कार केला होता.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टरांनी गुणांकन केलं. चिंतेचे सात प्रश्न, आघाताचे वीस. कोणाचे आकडे खाली आले, कोणाचे नाहीत, एकाचे वाढले. याच काळात गोळ्या बदलल्या, पाऊस थांबला, गणपती झाले. नऊ जणांच्या वहीवरून चालण्याने अमुक झालं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. ट्रस्टला पाठवायच्या अहवालात त्यांना आलेख हवा आहे. मी तीन रकान्यांची वहीच झेरॉक्स करून देणार आहे.

जून महिन्यात थांबे जास्त, मिनिटं कमी. सप्टेंबरमध्ये मिनिटं वाढली, पण थांबे काही फारसे कमी झाले नाहीत. फक्त म्हणणारे बदलले. जूनमध्ये निम्मे थांबे एकट्या काजूचे. आता सगळ्यांची नावं आहेत, आईनचंही. माझंही दोनदा आहे, एकदा चपलेचा अंगठा तुटला म्हणून.

१६ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी बहादूरशेख नाक्यावरचा बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. महामार्गाचा. यंत्रासकट खाली आला. जीवितहानी नाही, एवढं नशीब. फोनवर फोन. घटस्थापना कालच झालेली, बाजारात गर्दी.

गट घेतला नाही. सुरंगीचा मेसेज: "ठोके १२०. पण मी जिन्यावरून धावत गच्चीवर गेले होते, त्याचे आहेत." पाठोपाठ दुसरा: "बहुतेक."

१८ ऑक्टोबर, बुधवार

सहा जण आले. पाखाडीला कोणी हात लावेना. दोन दिवस गावात दुसरा विषय नाही, नाक्याकडे बघ्यांची रीघ. फणसदादा म्हणाले, "आपन पन बघून येव या. चालतच."

मला नको होतं. मी "थांबा" म्हणू शकले असते. म्हटलं नाही, पण किती जणांना जायचंय ते विचारलं. पाच हात वर झाले. सुरंगी म्हणाली, येते, पण कुठवर ते मी सांगणार.

महामार्गाच्या कडेने, एका ओळीत, आईन शेवटी. कोकमकाकींनी बूट घरातूनच घातले होते, हे मला अर्ध्या वाटेत दिसलं. दुरून तुटका भाग दिसायला लागला, वाकलेल्या सळ्या, पलीकडे माणसांची गर्दी, पोलीस. तेवढ्यात सुरंगी म्हणाली. सगळे थांबलो. काजूने खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून वाटल्या. फणसदादांनी शर्ट बदलला, रस्त्याच्या कडेलाच. पाचेक मिनिटांनी सुरंगी पुढे चालायला लागली, वीसेक पावलं गेली, आणि पुन्हा म्हणाली. तिथून परत फिरलो.

मिनिटं ३१. थांबे २. सुरंगी, सुरंगी.